काटा फिरवणारे श्रोते

ऑगस्ट 1921 मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीतून पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने संगीताचा एक खास कार्यक्रम हवेत सोडण्यात आला. फर्माईश होती मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची. पावसाळ्यात सरकारचा मुक्काम पुण्याला असे, त्यामुळे गव्हर्नरसाहेबांनी ते संगीत घाटमाथ्यापलीकडे पुण्यात बसून ऐकले. या देशातल्या रेडिओश्रवणाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. मागितले ते मिळाले आणि मिळाले ते स्पष्ट ऐकू आले, असे भाग्य मात्र त्यानंतर बरीच वर्षे फारशा श्रोत्यांच्या वाट्याला आले नाही. काय ऐकवायचे हे ठरवणारे एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे, अशी ओढाताण पुढे तीस-पस्तीस वर्षे चालली. तिचा मोठा भाग मुंबई-पुण्यातच घडला.

सुरुवात हौशी मंडळींनी केली. 1923 मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले, त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबनेही. तेव्हाचे ऐकणे म्हणजे एकट्याचे काम. क्रिस्टल सेटला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. गॅलेनाचा एक खडा, त्यावर टेकवायची बारीक तार, छपरावर ताणलेली एरियल आणि कानाला हेडफोन एवढ्यावर भागे. तार खड्याच्या नेमक्या बिंदूवर टेकली तर आवाज, जरा हलली की सगळे गप्प. घरातल्या इतरांना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसण्यापलीकडे काही करता येत नसे. व्हॉल्व्हचे सेट आले तेव्हा कर्ण्यातून आवाज खोलीभर पसरला आणि रेडिओ घराचा झाला. पण ते सेट परदेशातून येत आणि पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर असत.

23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी खासगी, अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला, व्यवस्थापक बीबीसीतून आणलेले एरिक डन्स्टन. आयर्विनसाहेबांनी भाषणात हिंदुस्थानच्या अफाट अंतरांचा आणि दूरदूरच्या खेड्यांत दिवसाचे काम आटोपून रिकाम्या बसलेल्या माणसांचा उल्लेख केला. रेडिओ त्यांच्यापर्यंत पोचेल अशी आशा दाखवली. प्रक्षेपक होता दीड किलोवॉटचा. त्याचा आवाज खात्रीने पोचे तो साधारण 30 मैल, म्हणजे जेमतेम कल्याणपर्यंत. खेड्यांचे नाव घेऊन सुरू झालेला रेडिओ प्रत्यक्षात मुंबई शहराचा होता आणि मुंबईतही मोजक्या घरांचा.

कंपनी बुडाली ती साध्या गणितात. 15 लाखांच्या भांडवलापैकी 6 लाखच गोळा झाले आणि त्यातले साडेचार लाख मुंबई-कलकत्त्याची दोन केंद्रे उभारण्यातच गेले. रेडिओ बाळगायचा तर वर्षाला 10 रुपयांचे लायसन घ्यावे लागे. त्यातले 8 रुपये कंपनीला मिळत. शिवाय आयात झालेल्या सामानावर थोडा हक्क. 1929 च्या अखेरीस सगळ्या देशात मिळून लायसने होती 7,775. म्हणजे वर्षाकाठी लायसनांतून कंपनीच्या हाती पडणार साठ-बासष्ट हजार रुपये, आणि खर्च महिन्याला 30 हजारांच्या घरात. ही आकडेमोड आज कागदावर मांडली तरी कळते की कंपनी तीन वर्षे चालली हेच विशेष. त्यात लायसनाविना ऐकणारे किती होते याचा पत्ता नव्हता. छपरावरची तार पाहून घरात सेट आहे हे कळे, पण नुसता सेट बाळगला म्हणून कुणाला पकडता येईल असा कायदाच नव्हता. तो 1933 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1934 पासून अमलात आला.

मार्च 1930 मध्ये कंपनी अवसायनात निघाली. एप्रिलपासून सरकारने ती प्रयोग म्हणून चालवायला घेतली. ऑक्टोबर 1931 मध्ये काटकसरीचे कारण देऊन सरकारनेही हात टेकले आणि केंद्रे बंद करण्याचे ठरवले. त्यावर ओरड झाली. त्यात श्रोते होते तसे दुकानांत सेटचा माल पडून असलेले व्यापारीही होते, आणि व्यापाऱ्यांचा आवाज नेहमीच जरा मोठा असतो. महिना-दीड महिन्यात निर्णय फिरला. पुढच्या वर्षी प्रक्षेपण कायम चालू ठेवायचे ठरले आणि खर्च भागवण्यासाठी सेटवरची आयात जकात वाढवली गेली.

रेडिओला खरा हात दिला तो मात्र लंडनने, आणि तोही नकळत. डिसेंबर 1932 मध्ये बीबीसीने साम्राज्यभर पसरलेल्या इंग्रजांसाठी शॉर्टवेव्ह सेवा सुरू केली. इथल्या साहेबलोकांनी घरचा आवाज ऐकायला भराभर सेट घेतले. 1932 मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास रेंगाळणारा लायसनांचा आकडा 1934 च्या अखेरीस 16 हजारांवर गेला. हिंदुस्थानातले प्रक्षेपण तगले ते अशा रीतीने, लंडन ऐकण्यासाठी घेतलेल्या सेटांच्या जकातीवर आणि लायसनांवर. रेडिओच्या इतिहासातली ही थट्टा मला फार आवडते.

ऑगस्ट 1935 मध्ये बीबीसीचे लायनेल फील्डन प्रक्षेपणाचे पहिले नियंत्रक म्हणून आले. जानेवारी 1936 मध्ये दिल्ली केंद्र सुरू झाले आणि 8 जून 1936 पासून सगळ्या व्यवस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. फील्डन यांच्यापुढचा प्रश्न आयर्विन यांच्या भाषणातलाच होता: एवढा देश, एवढे थोडे पैसे, आवाज पोचवायचा कसा? मध्यम लहर म्हणजे मीडियम वेव्ह स्वच्छ ऐकू येते, पण तिचा दिवसाचा टप्पा मर्यादित. देश व्यापायचा तर ठिकठिकाणी केंद्रे हवीत. शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल जाते, पण आवाज चढतो-उतरतो, मध्येच विरतो, पावसाळ्यात खरखर कान किटवते. मुख्य अभियंता म्हणून आलेल्या गॉयडर यांनी शॉर्टवेव्हच्या बाजूने कौल दिला. फेब्रुवारी 1938 मध्ये मुंबईला 10 किलोवॉटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक सुरू झाला आणि मुंबईचे गाणे-बोलणे कल्याणची वेस ओलांडून पार दूरवर जाऊ लागले.

तिजोरीत पैसे नसताना दुसरे काही करणे अवघडच होते. पण या निर्णयाचा एक परिणाम तेव्हा फारसा कुणी मोजला नसावा. मुंबई किंवा दिल्ली ऐकायची म्हणून ज्याने शॉर्टवेव्हचा सेट घेतला, त्याच्या घरात त्याच काट्यावर बर्लिन, टोकियो, लंडन आणि पुढे कोलंबोही आले. सरकारने स्वतःच श्रोत्याच्या हातात सरकारबाहेर जाण्याची वाट दिली.

घरात रेडिओचे स्थान मोठे मानाचे. तो फळीवर किंवा उंच स्टुलावर, मुलांचा हात पोचणार नाही असा. वर भरतकामाचे आच्छादन. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, हीच एरियल. बटण फिरवण्याचा अधिकार घरातल्या कर्त्या पुरुषाचा. सेट लावला की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे, मग घुमल्यासारखा आवाज आणि त्यातून हळूहळू माणसाचे शब्द. दिवसभर रेडिओ चालू ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रक्षेपणच ठरावीक वेळी असे. कार्यक्रम काय आहेत ते ‘द इंडियन लिसनर’ या पाक्षिकात किंवा वर्तमानपत्रात आधी बघून ठेवत. वेळेआधी दोन मिनिटे सेट तापवून ठेवायचा, काटा बारकाईने जागेवर आणायचा, आणि शेजाऱ्यांना हाक घालायची. चाळीत एका खोलीतला सेट साऱ्या मजल्याचा असे. विजेचीही अडचण: काही भागांत डीसी प्रवाह, काही भागांत एसी, तेव्हा बिऱ्हाड हलवले तर सेट चालेलच याची खात्री नाही. जिथे वीजच नव्हती तिथे शिशाच्या बॅटऱ्या. त्या उतरल्या की तालुक्याच्या गावी नेऊन भरून आणायच्या, तोवर सेट मुका.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या मनातला श्रोता आणि फळीखाली बसलेला श्रोता यांची गाठ क्वचितच पडे. सर्वांत बोलके उदाहरण पेटीचे. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर कडाडून टीका केली होती. रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती. युक्तिवाद असा, की पेटीचे बारा स्वर बांधलेले. मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत. संगीतशास्त्राच्या अंगाने यात तथ्य आहे, हे पेटीवर जीव टाकणाराही नाकारणार नाही. पण महाराष्ट्रात ही आज्ञा फारच परकी वाटली असणार. इथले नाट्यसंगीत पेटी आणि पायपेटीच्या साथीवर वाढलेले. गोविंदराव टेंब्यांसारखा माणूस पेटीवादनातून मोठा झालेला. रंगभूमीवर रोज वाजणारे वाद्य रेडिओच्या दारातून मात्र आत येऊ शकत नव्हते. ही बंदी तीस वर्षे टिकली. गंमत म्हणजे तिने पेटीचे काहीच वाकडे झाले नाही. श्रोत्यांनी ती मैफलीत, देवळात, नाटकात ऐकली.

मग युद्ध आले आणि रेडिओ ही चैनीची वस्तू राहिली नाही. सप्टेंबर 1939 नंतर बातमीसाठी लोक सेटभोवती जमू लागले. बातमीपत्रांचा सगळा कारभार दिल्लीत एकवटला. मराठी बातम्याही दिल्लीहून येऊ लागल्या, इथल्या केंद्रांना त्या जशाच्या तशा पुढे पाठवायच्या. सरकारी बातमीवर विश्वास किती ठेवायचा हा प्रत्येकाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर काट्यात होते. फेब्रुवारी 1942 मध्ये सुभाषचंद्र बोस बर्लिनहून स्वतःच्या नावाने बोलले. आझाद हिंद रेडिओवरून पुढे ज्या अनेक भारतीय भाषांत प्रक्षेपण झाले त्यांत मराठीही होती. हे ऐकायचे तर दार लावून, आवाज बारीक ठेवून.

त्याच काळात, मार्च 1942 पासून, लंडनहून बीबीसीचीही मराठी सेवा सुरू झाली. तिथे पूर्वेकडच्या विभागात जॉर्ज ऑरवेल नोकरीला होते. युद्धवार्तेची साप्ताहिक पत्रे ते इंग्रजीत लिहीत. त्यांचे मराठीत भाषांतर होऊन ती वाचली जात. या कामात वेणू चितळे या मराठी बाईंचा मोठा वाटा होता. त्या काळात बीबीसीवर मराठी बाईचा आवाज, आणि त्यामागे ऑरवेलचा मजकूर! प्रश्न एवढाच की ऐकत कोण होते? बीबीसीने आपल्या माणसाला हिंदुस्थानात पाठवून श्रोत्यांची पाहणी करवली, तेव्हा निष्कर्ष निराशेचा निघाला. 1943 मध्ये ऑरवेलनी राजीनामा दिला तो आपल्या श्रमांचे आणि जनतेच्या पैशाचे काही फळ दिसत नाही, अशा भावनेने. श्रोता मिळवण्यासाठी आवाज पोचवणे पुरत नाही, हे ज्यांना लवकर उमगले त्यांत ते एक.

याच्या नेमकी उलट गोष्ट मुंबईत घडली. ‘चले जाव’च्या ठरावानंतर पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या आवळल्या गेल्या, आणि ऑगस्ट 1942 च्या अखेरीस 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ ऐकू येऊ लागला. चालवणारी मंडळी विशी-पंचविशीतली. बावीस वर्षांच्या उषा मेहता त्यांत पुढे. प्रक्षेपक एका जागी ठेवत नसत. मुंबईतल्या मुंबईत बिऱ्हाड बदलत राहायचे. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मागे होते. चिमूर-आष्टीचे अत्याचार, चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, ज्या बातम्या छापता येत नव्हत्या त्या इथून ऐकवल्या जात. प्रक्षेपक लहान, पण ऐकणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक होते. नियमाने ऐकणाऱ्यांत पोलीसही होते. सरकारी यंत्रणा रोजचे प्रक्षेपण उतरवून घेई, आणि त्या रेडिओवर काय काय बोलले गेले हे आज आपल्याला मोठ्या प्रमाणात कळते ते त्या सरकारी टिपणांमुळे. 12 नोव्हेंबर 1942 रोजी चालू प्रक्षेपणात धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. (याच वाटेने पुढे 1955 मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून गोवामुक्तीचा रेडिओ सुरू केला, तो 1961 पर्यंत चालला. त्याची कथा स्वतंत्र लेखाची आहे.)

1947 मध्ये स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली. प्रक्षेपण पोचे ते देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि 11 टक्के लोकांपर्यंत. सेट होते पावणेतीन लाखांच्या घरात. आता मालक बदलला, पण श्रोत्याला घडवण्याची हौस बदलली नाही, उलट वाढली.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा अभ्यासू. त्यांच्या कारकिर्दीत संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, देशभरचे गवई-वादक घरोघर पोचले, अनेक कलावंतांना संस्थाने गेल्यावर आधार मिळाला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण चित्रपटगीते ही त्यांच्या लेखी घसरलेली अभिरुची. त्यांचे प्रमाण कापले, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगायचे नाही असे ठरवले. निर्मात्यांनी चिडून हक्क काढून घेतले. आणि थोड्या महिन्यांत सरकारी रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

पण घरोघरी शॉर्टवेव्ह होती. युद्धात इंग्रजांनी लंकेत उभारलेला बलाढ्य प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आला होता आणि 1950 पासून तिथे जाहिरातींची सेवा चालू होती. 3 डिसेंबर 1952 रोजी, बुधवारी रात्री, तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दंतमंजनाची जाहिरात, आवाज अमीन सयानींचा, ध्वनिमुद्रण मुंबईत. फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून मुंबईच्या गाण्यांचा आवाज समुद्र ओलांडून मुंबईत परत येई. पहिल्याच कार्यक्रमाला 9 हजारांवर पत्रे आली. पुढे आठवड्याला 65 हजारांपर्यंत गेली, असे सयानी सांगत. पत्र पाठवायला पोस्टाचे तिकीट लागते. लायसनाचे पैसे भरणारा श्रोता पदरचे आणखी आणे खर्चून आपल्याला काय हवे ते सांगत होता, फक्त ते दिल्लीला सांगत नव्हता.

सरकारी रेडिओला श्रोता धरताच येत नव्हता असेही नाही. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. तिथे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ सुधीर फडक्यांच्या संगीतात सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, अधिक महिन्यामुळे एकूण 56. त्या दिवसांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरे होती. शब्द पाठ होईस्तोवर पुढचा आठवडा उजाडे.

दुसरा प्रयोग कमी लोकांना ठाऊक आहे, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. 1956 च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या 144 खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे बसवण्यात आली. मंडळात पंधरा-वीस माणसे, त्यांतला एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की तिथेच चर्चा व्हायची. शंका, हरकती, अनुभव लिहून केंद्राकडे जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर मिळायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. शेजारची काही खेडी तुलनेसाठी निवडली होती: काहींत सेट होता पण मंडळ नव्हते, काहींत दोन्ही नव्हते. निकाल असा, की मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता सेट असलेल्या गावांत फरक किरकोळच. आयर्विन यांच्या भाषणातला खेडूत श्रोता अखेर सापडला होता, आणि सापडला तेव्हा तो उलट प्रश्न विचारत होता. 1959 मध्ये ही योजना देशभर पसरवायचे ठरले. शहरातल्या श्रोत्याला असा कागद-पेन्सिल कुणी दिला नाही. त्याने ते काम सिलोनला पत्रे टाकून केले.

3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. कवी नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. चित्रपटगीते पुन्हा सरकारी रेडिओवर आली, आणि आली ती मुंबई-मद्रासच्या शॉर्टवेव्हवरूनच, म्हणजे सिलोनने नेलेला श्रोता परत आणायला सिलोनच्याच वाटेने. केसकर तेव्हाही मंत्री होते. जाहिरातींना मात्र आणखी दहा वर्षे नकार होता. 1 नोव्हेंबर 1967 रोजी त्याही सुरू झाल्या, आणि त्यासाठी निवडलेली पहिली तीन केंद्रे होती मुंबई, पुणे आणि नागपूर. दंतमंजनवाले घरी परतायला मोकळे झाले. लायसन मात्र ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात भरावेच लागत होते.